कुटी आणि पेंड

१२ जानेवारी

बारके,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. तुला पत्र घालायचं काम तुझ्या दादाचं, आणि तो वर्षातून एकदा चार ओळी खरडतो. घाबरू नकोस, माणसं धड आहेत. मासे धड राहतील की नाही, ते सांगायला बसले आहे.

भावोजींच्या कारखान्यातून आम्हाला कुटीची पोती यायची, ती थांबल्यात जमा आहेत. मागच्या महिन्यात गाडी आलीच नाही. या महिन्यात आली ती निम्मी रिकामी, आणि ड्रायव्हर पोती उतरवताना माझ्याकडे बघेना. तुला वेगळं सांगायला नको, आमचे मासे शिकारी जातीचे. तळ्यातल्या पिंजऱ्यात वाढवले म्हणून जात बदलत नाही. समुद्रातली बारीक मासळी वाळवून, दळून तुमच्याकडे कुटी होते. ती पिठात मळून आम्ही गोळ्या पाडतो, तेव्हा कुठे हे राजे तोंड उघडतात. आता गोदामात आहे ते संपलं की काय, या विचाराने मला जेवण जात नाही.

सोसायटीच्या मासेडॉक्टर बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, कुटीची टंचाई सगळीकडेच आहे. समुद्रातली बारीक मासळी उपसून उपसून संपत आली. काही ठिकाणी लोक आता कुटी कमी करून सोयाबीनची पेंड आणि वाटाण्याचं पीठ घालतात, तुम्हीही सुरुवात करा. तुझा दादा आधी हसला. मग म्हणाला, "बाई, वाघाला गवत घालायला सांगताय." बाई गेल्यावर मात्र तो तराफ्याच्या टोकाला जाऊन बसला आणि जेवायला हाक मारली तरी उठला नाही.

त्याचं दुखणं मला कळतं. पिंजरे एक हंगाम रिकामे राहिले, तर सोसायटी तळ्यातली जागा काढून दुसऱ्याला देते. नियमच आहे तसा. गिरणीतली नोकरी सोडून तो इथे आला तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. त्या लोकांना तोंड दाखवायची त्याची तयारी नाही, आणि परत गिरणीत जायचं वयही नाही.

तेव्हा भावोजींच्या कानावर घाल. ते कारखान्यात मुकादम आहेत, चार पोती आपल्या माणसांसाठी बाजूला काढता आली तर बघावं. मी असं कधी मागितलं नव्हतं, हे तुला माहीत आहे.

तुझी वहिनी

२४ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा सासूबाईंनी आधी मला खाली बसवलं, पाणी पाजलं, मग पाकीट फोडू दिलं. आत माशांची कुरकुर निघाली, तेव्हा त्याच म्हणाल्या, बरं झालं, मासेच आजारी आहेत.

तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस. कुटी येईल. यंदा मासळी जरा उशिरा किनाऱ्याला लागते आहे, एवढंच. हे म्हणाले, वहिनींना कळव, घरच्या माणसाला उपाशी ठेवून बाहेरच्याला वाढणार नाही. त्यांनी शब्द दिला की तो दगडावरची रेघ असते, तुला अनुभव आहे.

त्या पेंडीचं मात्र मनावर घेऊ नका. दादाचं बरोबर आहे. माशाला मासाच लागतो. आणि उद्या सगळ्यांनीच पेंड घालायला सुरुवात केली तर आमच्या कारखान्याने काय दळायचं, दगड? हा विनोद आहे, हसायचं असतं.

इकडे बाकी छान. हे हल्ली लवकर घरी येतात. घरातल्या सगळ्या खुर्च्यांचे पाय ठोकून झाले, छपराच्या फटी बुजवून झाल्या, आता माझ्या डब्यांची झाकणं घट्ट करताहेत. उघडायला मला शेजारणीला बोलवावं लागतं. कारखान्याचा वासही पूर्वीसारखा येत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर नाकाला पदर लावून फिरत होते आणि तू मला हसली होतीस. आता वाळत घातलेले कपडे घरात आणले तर त्यांना नुसता उन्हाचा वास येतो. वारा फिरला असेल.

दादाला म्हणावं, रागावून उपाशी बसायचं वय गेलं. आणि पोती निघाली की मी कळवतेच.

बारकी

१६ फेब्रुवारी

बारके,

तू कळवतेच म्हणालीस आणि गप्प झालीस. गाडी आली नाही. आता लिहिते ते कडू लागलं तर लागू दे.

मी तुझ्या दादाच्या मागे पेंड मळली. शिल्लक कुटी अर्धी घेतली आणि अर्धी सोयाबीनची पेंड. रंग तोच, गोळीही तीच. त्याला वाटलं नेहमीचं खाद्य आहे. त्याने मूठ फेकली, पाणी नेहमीसारखं उसळलं, आणि दुसऱ्या क्षणी सगळं शांत. मासे गोळी तोंडात घेत होते आणि थुंकत होते. वहाणेतला खडा झटकावा तशी. गोळ्या फुगून हळूहळू तळाशी जात होत्या. त्याने एक गोळी उचलून हुंगली, माझ्याकडे बघितलं, आणि बादली माझ्या पायाशी ठेवून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे भुकेने काहींनी खाल्लं. ज्यांनी खाल्लं त्यांची पोटं बिघडली. पाण्यात पांढऱ्या दोऱ्यांसारखी विष्ठा तरंगायला लागली. डॉक्टर बाईंनी एक मासा चिरून दाखवला, आतडं सुजून लाल झालेलं. म्हणाल्या, पेंड कच्च्या दाण्याची असणार, नीट भाजल्याशिवाय सोयाबीन माशाला पचत नाही, आणि एकदम अर्धं घालायचं नसतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? की सांगितलं होतं आणि मीच घाईत ऐकलं नाही, कोण जाणे. आता मोठ्या पिंजऱ्यांतले मासे एकमेकांच्या शेपट्या कुरतडताहेत. रोज सकाळी आम्ही मेलेले जाळीने काढतो. आधी बादलीत काढायचो, आता हातगाडी लागते.

आणि अशात मला काय कळावं? पलीकडच्या काठावरचे पिंजरेवाले म्हणतात, त्यांच्याकडे कुटी पोचली. तुमच्याच बंदरावरून आली. मी त्यांच्या दारातली पोती डोळ्यांनी बघितली.

म्हणजे माल आहे. फक्त आमच्यासाठी नाही. घरच्यांना शब्द आणि बाहेरच्यांना पोती, असा व्यवहार असेल तर तसं स्पष्ट सांगायचं होतं. मी तोंड वेंगाडलं नसतं. भावोजींना विचार, चार पोत्यांसाठी आम्ही अजून किती दिवस दाराकडे बघायचं.

तुझा दादा हल्ली बोलत नाही. काल सोसायटीच्या ऑफिसात फोन करायला गेला होता. कोणाला केला ते सांगितलं नाही.

वहिनी

२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी बाजारात गेले असताना आलं. यांनीच फोडलं, यांनीच वाचलं. मी आले तेव्हा पत्र घडी करून पाटावर ठेवलेलं होतं आणि हे चपला घालत होते.

आता ऐक. कारखाना बंद आहे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच बंद पडला होता. भट्टी थंड, फाटकाला साखळी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? होड्या जातात आणि नुसती ओली जाळी घेऊन येतात. तुला जी निम्मी गाडी मिळाली ती गोदामाची झाडलोट होती. यांनी स्वतः झाडू मारून पोती भरली आणि ड्रायव्हरला सांगितलं, वहिनींना काही बोलू नको. पलीकडच्यांकडे तू पाहिलीस ती पोती दुसऱ्या व्यापाऱ्याची, जुन्या साठ्यातली. आमच्या बंदरावरून नुसती पुढे गेली. आमची नव्हती.

मी खोटं का लिहिलं म्हणशील. हेच म्हणाले, झाकली मूठ राहू दे, काहीतरी मार्ग निघेल. नोकरी गेलेला माणूस सासरच्यांना कसा सांगणार? आणि मलाही वाटलं, पेंडीचं खूळ तुमच्या डोक्यातून जावं. पेंड जमली तर कारखान्याची साखळी कधीच निघणार नाही. तुझा मार्ग निघाला की आमचा बुजला, असं हे गणित. मी तुझ्या पत्राला उत्तर लिहिताना तेच मनात धरून लिहिलं.

दादाचा फोन यांनाच होता. फाटकाजवळच्या टपरीवाल्याने बोलावून नेलं. काय बोलणं झालं ते नीट कळलं नाही. एवढंच म्हणाले, "तुझा दादा फोनवर रडला." त्यानंतर तुझं पत्र.

लग्नाआधी हे समुद्रावर जायचे, तुला माहीत आहे. मी शपथ घालून सोडवलं होतं. वास चालेल, पण वाट बघणं नको, असं म्हणाले होते मी. आता ते एका मित्राची होडी घेऊन गेले आहेत. मित्र आणि इंजिन बघणारा, असे तिघे. किनाऱ्याजवळ काही नाही, म्हणून खूप बाहेर, जिथे बारीक मासळी अजून आहे असं लोक म्हणतात. आणलेली मासळी आमच्याच अंगणात वाळवायची, गिरणीत दळून तुमच्याकडे पोचवायची, असं ठरवून गेले. जाताना सासूबाईंनी विचारलं, कुठे? तर म्हणाले, मेहुण्याला चार पोती द्यायची आहेत.

यायला हवे होते, आले नाहीत. वारा बरा नाही म्हणतात. मी धक्क्यावर जाते आणि येते. तुझ्यावर रागावायचं आहे, पण ते आल्यावर रागावेन.

बारकी

४ मार्च

बारके,

तुझं उत्तर नाही, म्हणजे तू रागावलीस. रागव. मागचं पत्र पेटीत टाकलं आणि हात पोळल्यासारखं झालं. पण आज रागाचं राहू दे, आज सांगण्यासारखं आहे.

मासे खायला लागले. सगळे नाही, मोठे अजून मरताहेत. पण बोटुकल्या खाताहेत. बोटाएवढी पिल्लं गं, कडेच्या लहान पिंजऱ्यातली. मोठ्यांना कुटीची चटक लागलेली, ते मरतील पण तोंड लावणार नाहीत. पिल्लांनी अजून काही नीट चाखलंच नव्हतं. त्यांना काय, घालाल ते जेवण.

डॉक्टर बाई रोज येत होत्या. आम्ही दोघींनी दाणे कढईत भाजले, वाफवले, दळले. त्यात वाटाण्याचं पीठ. बाईंनी कसलीशी भुकटी दिली. पेंडीत जे नसतं आणि मासळीत असतं, ते त्यात आहे म्हणे. कुटी अगदी चिमूटभर. तरी पिल्लं हुंगून परत जायची. मग मला वाटलं, यांना मासळीचा वास हवा आहे. मासळीबाजारात गेले आणि कोळणी फेकून देतात ती डोकी, आतडी, कल्ले मागून आणले. त्या म्हणाल्या, मांजरं पाळलीत का? मी म्हटलं, हो, पाण्यातली. ते सगळं उकळून त्याचा काढा केला आणि त्यात पीठ मळलं. शेजारी भांडायला आले, इतका वास. हात अजून धुतले तरी जात नाही.

पहिली मूठ टाकली आणि मी डोळेच मिटले. तुझा दादा मागे येऊन उभा होता, मला माहीत नव्हतं. त्याचा आवाज आला, "अगं, बघ तरी." पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. पहिल्याच दिवशी असं झालं असतं तर मी त्याला दैव म्हटलं असतं. पण पुढेही रोज खाल्लं, आणि पोटंही बिघडली नाहीत. बाई म्हणतात, हा पिंजरा जगला तर जागा जात नाही. मोठे गेले तरी पिंजरे रिकामे धरत नाहीत.

म्हणून घाईने लिहिते आहे. भावोजींना सांग, पोत्यांसाठी जिवाचा आटापिटा करू नका. काही पाठवू नका. आता कुटी नसली तरी भागेल. आणि मी जे लिहिलं ते मनातून काढून टाका. तू पेंडीवर नाराज आहेस, पण आपण बसून त्यातूनही काहीतरी काढू. डोकी-आतडी तुमच्या बंदरावर डोंगराएवढी पडत असतील.

तुझा दादा काल पोटभर जेवला.

वहिनी

११ मार्च

वहिनी,

तुझं आनंदाचं पत्र आलं. घरात माणसं बसली होती. पोस्टमनने दारातल्या गर्दीकडे पाहून पाकीट सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांना वाटलं त्यांच्या मुलाचं आहे, म्हणून शेजारणीला मोठ्याने वाचायला लावलं. "काही पाठवू नका" इथपर्यंत वाचून ती थांबली.

होडी उलटली. मित्राला आणि इंजिनवाल्याला एका जहाजाने उचललं. हे सापडले नाहीत.

तुम्ही येऊ नका. मला आत्ता तुमची तोंडं बघवणार नाहीत. हे रागाने लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते आहे.

२० मार्च

बारके,

तू येऊ नका म्हणालीस तरी मी पिशवी भरून गाडीतळापर्यंत आले होते. परत फिरले, ते तुझ्या सांगण्यावरून नाही. तुझ्या दादाला एकटं सोडता येत नाही म्हणून.

तुझी दोन्ही पत्रं लागोपाठ आली. पहिलं वाचून तो उठला, शर्ट घातला, निघतो म्हणाला. त्या गडबडीतच दुसरं आलं. शर्ट अंगात, एक हात बाहीत आणि एक बाहेर, तसाच बसला. मी बटणं लावली. ती पुन्हा काढावी लागली.

तेव्हापासून जेवणाला शिवत नाही. पाणी दिलं तर पितो. परवा पहाटे उठले तर अंथरूण रिकामं. धावत तराफ्यावर गेले. तो मोठ्या पिंजऱ्यांच्या जाळ्या सुरीने फाडत होता. जे काही मासे उरले होते ते तळ्यात निघून गेले. मी ओरडले नाही. फाडू दिल्या, मरणारेच होते ते. पण मग तो पिल्लांच्या पिंजऱ्याकडे वळला, तेव्हा मी मध्ये बसले. पाय पाण्यात, दोन्ही हातांनी जाळी धरून. तो म्हणाला, "याच्यापायी माणूस गेला." मी म्हटलं, "ही पिल्लं गेली तर तो परत येणार आहे का?" त्याने सुरी पाण्यात टाकली. सुरी टाकून स्वतःही पुढे झुकला, आणि बारके, मला अजून कळत नाही की त्याचा तोल गेला की आणखी काही होतं. मी मानगूट धरून त्याला मागे ओढलं. ओली, गारठलेली आम्ही दोन म्हातारी माणसं तिथे कितीतरी वेळ बसून होतो.

आता मी त्याला तराफ्यावर जाऊ देत नाही. दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली कनवटीला. खाद्य टाकायला डॉक्टर बाई जातात.

मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. त्या पत्रातली ती पोत्यांची ओळ माझी होती. ती मी गिळू शकत नाही आणि थुंकूही शकत नाही. तू मला जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल. पण त्याला एक ओळ लिही. शिव्या लिही, काहीही लिही. तुझ्याशिवाय कोणाचं ऐकण्यासारखी त्याची अवस्था नाही. मी बोलते ते पालथ्या घड्यावर पाणी.

वहिनी

२९ मार्च

दादा,

वहिनीने सगळं कळवलं आहे. जाळ्या फाडल्यास तेही, पाण्याचंही.

तुझा दोष नाही, असं लिहायला मी बसले नाही. इथे येणारा प्रत्येक माणूस कोणाचाच दोष नाही म्हणतो, चहा पितो आणि जातो. त्याने मला झोप लागत नाही, तुला कशी लागेल? तू फोनवर रडलास. वहिनीने ती ओळ लिहिली. मी महिनाभर हसऱ्या थापांवर ठेवलं. आणि त्यांनी कोणालाच न विचारता शब्द दिला. कोणाच्या वाट्याला किती येतं ते मोजायला बसले तर मी वेडी होईन. मोजणं मी सोडलं आहे.

त्यांचा मित्र येऊन गेला. त्याचा हात अजून गळ्यात आहे. त्याने जे सांगितलं ते तुला कळायला हवं. मासळी सापडली होती दादा. जाळं वर आलं ते चांदीसारखं भरून. हे लहान मुलासारखे हसले म्हणे. म्हणाले, "आहे की! कोण म्हणतं संपली?" मित्र म्हणाला, पुरे, वारा वाढतो आहे. यांनी पुन्हा जाळं टाकलं. पुन्हा भरलं. पाण्यापासून होडीची कड वीतभरसुद्धा वर उरली नव्हती, तशी होडी घेऊन निघाले. पहिल्या मोठ्या लाटेला पाणी आत आलं. मित्र ओरडला, मासळी फेका. मित्राने फेकली, इंजिनवाल्याने फेकली. हे फेकेनात. दोन्ही हात मासळीच्या पाटीवर ठेवून उभे होते.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही नाही. तुला सांगितलं.

आता माझं काम. समुद्राने त्यांना अजून दिलेलं नाही. किनाऱ्यावर काही लागलं की पोलीस चौकीतून निरोप येतो आणि मला ओळखायला जावं लागतं. आतापर्यंत दोनदा गेले. दोन्ही वेळा दुसरं कोणी होतं. चादर बाजूला करेपर्यंत मी देवाचं नाव घेत राहते, आणि ते नाहीत हे कळल्यावर मी आनंदाने रडते, मग त्या आनंदाची लाज वाटून रडते. शेजारीण सोबत येते, पण ती परकी आहे. सासूबाईंना नेता येत नाही. पुन्हा निरोप आला तर मी एकटी जाणार नाही. जाऊ शकत नाही.

त्यासाठी तू ये. लहानपणी माझ्या पायात काटा गेला तरी मी तुझ्या नावाने भोकाड पसरायची. आताही तुझ्याच नावाने पसरते आहे. मला बघवणार नाही असं मी लिहिलं होतं, ते त्या दिवसाचं होतं. आज कोणाचंच तोंड नसलेलं घर मला बघवत नाही.

सासूबाईंना विचारलं, दादाला बोलवू का? हातातलं सूप त्यांनी बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "बोलव. माझ्यासमोर बसू दे. मी काही विचारणार नाही."

तुला उपाशी राहायचं असेल तर इथे येऊन राहा. पण ये. वहिनीला पाठवू नकोस, पिल्लं तिच्या हातचं खातात, ती तिथे हवी. तू ये.

बारकी

४ एप्रिल

बारके,

तुझं पत्र त्याने हातात धरलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. भिंतीपलीकडे मी कान देऊन होते. आधी कागद उलगडल्याचा आवाज आला. मग माणूस पोटातून रडतो तसा आवाज आला आणि मी किल्ली काढून दार उघडून ठेवलं.

संध्याकाळी स्वतः ताट मागितलं. चार घास खाल्ले असतील. मग विचारलं, बारकीच्या सासूबाईंना काय न्यायचं? मी म्हटलं, काही नको, नुसता जा.

आज सकाळी गाडीच्या आधी तराफ्यावर जाऊ का म्हणाला. मी सोबत गेले, शर्टाचं टोक धरून, लाज सोडून. त्याने पिल्लांना एक मूठ टाकली आणि पाणी हलायचं थांबेपर्यंत बघत राहिला. हात धुतला नाही, तसाच गाडीत बसला.

मोठे पिंजरे रिकामे आहेत. सोसायटी काय ठरवेल ते ठरवो. पिल्लं मी सांभाळते.

त्याला गर्दीत लवकर सुचत नाही हल्ली, गाडीतून उतरून भलतीकडेच चालायला लागेल. जमलं तर गाडीतळावर उभी राहा. आणि तो पोचला, एवढंच कळव.

वहिनी